बहिणाबाईंचे वासरू

बहिणाबाई हे नाव काढले की आपल्यापैकी बहुतेकांना खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी आठवतात. शाळेच्या पुस्तकात भेटलेल्या, जात्यावर ओव्या रचणाऱ्या. त्या १८८० साली जन्मल्या आणि १९५१ साली गेल्या. आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहोत त्या बहिणाबाई त्यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या. जन्म शके १५५०, म्हणजे इसवी सन १६२८. समाधी १७०० साली, शिऊर गावी. तुकाराम महाराजांच्या शिष्या म्हणून वारकरी त्यांना ओळखतात. वारकरी पंथाच्या मंदिराचा पाया कोणी घातला आणि कळस कोण झाला हे सांगणारा अभंग आपण सगळे गुणगुणतो, तो यांच्याच नावावर आहे. मात्र तो गुणगुणताना यांची आठवण क्वचितच होते.

दुसरीही एक गोष्ट आहे. बाकी संतांची चरित्रे आपल्याला दुसऱ्यांनी सांगितली आहेत. बहिणाबाईंनी आपले चरित्र स्वतः सांगितले, तेही अभंगांत. घर सोडले, मार खाल्ला, नवऱ्याने टाकायचे ठरवले, सगळे. त्या काळी बाईमाणसाने असे उघड सांगणे ही साधी गोष्ट नव्हती. आणि या आत्मकथेच्या ऐन मध्यावर एक वासरू आहे. काळे, कपिलेचे वासरू. आम्ही राज्य सरकारच्या पशुसंगोपन खात्यात पदविकेच्या बळावर चिकटलो त्याला आता वीस वर्षे होत आली. गाई-वासरांचा रोजचा संबंध. त्यामुळे असेल, पण हे चरित्र वाचताना आमचे लक्ष त्या वासरावरून हलेना. मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी संतचरित्र मागितले तेव्हा म्हटले, हेच लिहावे.

भक्तीच्या कवितेत जनावरे काही थोडीथोडकी नाहीत. देव ही गाय आणि भक्त हे वासरू, हा दृष्टांत तर इतका रुळलेला की कीर्तनकार तो बोलता बोलता देतात. पाडसासाठी वळून पाहणारी हरिणी आहे, नुसत्या नजरेने पिल्ले वाढवणारी कासवी आहे, पाण्याविना तडफडणारी मासोळी आहे. संतांच्या गोष्टींतही जनावरे आहेत. पैठणला ज्ञानदेवांनी ज्याच्या तोंडून वेद वदवला तो रेडा. तोंडात पोळी घेऊन पळणारा आणि मागून तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव ज्याच्या पाठी लागले तो कुत्रा. काशीहून रामेश्वरासाठी आणलेल्या कावडीतले गंगेचे पाणी एकनाथांनी ज्याला पाजले ते वाळवंटातले गाढव. ही सगळी मुकी, निरपराध जनावरे. पण नीट पाहिले तर या गोष्टींत जनावर कशासाठी तरी आलेले असते. रेडा वादात जिंकण्यासाठी येतो, कुत्रा आणि गाढव संताची समदृष्टी दिसावी म्हणून येतात. काम झाले की ती गोष्टीतून निघून जातात. पैठणच्या त्या रेड्याचे पुढे काय झाले हे विचारणारा श्रोता आम्ही अजून पाहिला नाही. (रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे येथे दाखवतात, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

बहिणाबाईंचे वासरू तसे नाही. ते कोणाला काही सिद्ध करून दाखवायला आलेले नाही. ते तिच्याबरोबर राहिले, तिच्यासाठी उपाशी राहिले आणि मेले.

देवगाव हे त्यांचे जन्मगाव, वेरूळच्या परिसरातले, आज देवगाव रंगारी म्हणतात ते. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. वतन होते, म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर. तिसऱ्या वर्षी लग्न झाले. नवरा शिऊरचा गंगाधरपंत पाठक, वय तीस, बिजवर. विद्वान, वेद जाणणारा, ज्योतिष सांगणारा आणि रागाने जमदग्नी. आज आपल्याला हे वाचून कसेसे होते. पण त्या काळच्या लोकांना त्यात काही वेगळे वाटले नसणार, आणि बहिणाबाईही हे तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. त्यांच्या सांगण्यात तक्रार फार थोडी आहे.

नऊ वर्षांच्या असताना घरावर संकट आले. भाऊबंदकी आणि कर्ज, ही जोडी आपल्याकडे आजही एकत्रच फिरते. आईवडील, जावई, मुले अशी सगळी मंडळी रातोरात गाव सोडून निघाली. गोदाकाठाने चालत, भिक्षा मागत पंढरपूरला आली. तिथे काही दिवस राहून शिखर शिंगणापूरच्या महादेवाला, तिथून रहिमतपूरला. कुलकर्ण्याच्या घरातली माणसे दारोदार कोरान्न मागत होती. शेवटी कोल्हापूर. बहिणाबाईंना तेव्हा अकरावे वर्ष लागले होते. बहिरंभट नावाच्या वेदसंपन्न ब्राह्मणाने आपल्या वाड्याच्या सोप्यात या कुटुंबाला आसरा दिला.

कोल्हापूर आपल्या बेळगावहून शंभर-सव्वाशे किलोमीटर. आपल्यातल्या निम्म्या घरांची कुलदेवता अंबाबाई, त्यामुळे त्या देवळाचा परिसर आपल्याला परका नाही. त्या वेळीही तिथे पुराणे चालत, हरिकथा होत. भटकंतीत वाढलेल्या त्या मुलीला इथे पहिल्यांदा ऐकायला मिळाले. वेद तिला ऐकायचा नव्हता, बाई म्हणून त्याचा अधिकारच नव्हता; पण मराठी कीर्तन कोणी अडवू शकत नव्हते. तुकोबांचे अभंग कोल्हापुरापर्यंत पोचले होते. देहूचा एक वाणी असे काही रचतो आणि ते इथल्या कीर्तनकारांच्या तोंडी बसते, छापखाना नसताना! तिने ते ऐकले आणि मनात धरले.

इथे गाय येते. बहिरंभटांना कोणी सवत्स होणारी कपिला दान दिली होती. ती गाय आपल्या बिऱ्हाडकरूला द्यावी असा त्यांना स्वप्नात दृष्टांत झाला आणि त्यांनी ती गंगाधरपंतांना दिली. दान घेणाऱ्याला दारात गाय बांधायला जागा नाही, वैरणीला पैसा नाही, तरी गाय आली. थोड्याच दिवसांत ती व्याली आणि काळे वासरू झाले.

त्या वासराचा जीव बहिणाबाईंवर जडला. त्या दिसल्या की ते स्वस्थ, दिसल्या नाहीत की हंबरते. पाण्याला निघाल्या की मागे, पुराणाला निघाल्या की मागे. त्यांनी सोडले तरच ते आईला पिते, त्यांनी दाखवले तरच पाण्याला तोंड लावते. यात चमत्कार काही नाही, हे आम्ही खात्यातला माणूस म्हणून सांगतो. जन्मल्याबरोबर ज्याच्या हाताची ओळख पटली त्याच्या मागे वासरू धावते. गोठ्यातल्या घरच्या मुलीने बाटलीने दूध पाजलेली वासरे तिच्या सासरी जाण्यानंतर दोन-दोन दिवस चाऱ्याला तोंड लावत नाहीत, असे आमच्या पाहण्यात आहे. खरे नवल वासराचे नाही, त्या मुलीचे. वडिलांच्या कर्जापायी गाव सुटलेले, नवरा वयाने सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी मोठा आणि संतापी, राहायला दुसऱ्याचा सोपा. तिच्याशी बोलायला कोणी होते का? तिच्यामागून फिरणारे, तिच्यावाचून न खाणारे असे तिच्या वाट्याला आलेले हे पहिलेच कोणी असावे. वासरू आपल्यापासून दूर झाले की काही सुचत नसे, असे त्या स्वतः सांगतात.

त्याच सुमारास जयरामस्वामी वडगावकर कोल्हापूरला आले. समर्थ रामदासांच्या बरोबरीने ज्या पाच सत्पुरुषांना रामदासपंचायतन म्हणतात त्यांतले हे एक. (आपल्या हैदराबादच्या मंडळींना ठाऊक असलेले भागानगरचे केशवस्वामी त्याच पंचायतनातले.) त्यांच्या कीर्तनाला सारे गाव लोटे. बहिणाबाई आईवडिलांबरोबर जात आणि वासरूही जाई. कीर्तन संपून लोक देवापुढे डोके टेकत, तेव्हा तेही मान खाली घाली. लोक हसत, कौतुक करत. एका एकादशीला गर्दी अतोनात झाली. दाटीवाटीने बसलेल्या माणसांत वासराला जागा कुठून असणार? कोणीतरी त्याला बाहेर घालवले. ते बाहेर हंबरू लागले आणि आत बहिणाबाई रडू लागल्या. स्वामींनी चौकशी केली, वासराला आत आणवले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तसाच हात बहिणाबाईंच्या डोक्यावर ठेवला आणि ही दोन्ही पूर्वजन्मीची साधक आहेत असे म्हणाले.

स्वामींनी हात ठेवला हे गावभर झाले. आजच्यासारखा तेव्हाही बातमी घेऊन धावणारा माणूस होताच. त्याने गंगाधरपंतांच्या कानावर घातले की तुमच्या बायकोच्या डोक्यावर भर सभेत गोसाव्याने हात ठेवला. पंतांनी घरी येऊन बायकोला बेदम मारले आणि बांधून टाकले. आईवडील पाहत होते. जावयाच्या हाताला धरणे त्यांना जमले नाही. जमणार कसे? ते त्याच्याच आधाराने जगत होते.

इथे बहिणाबाई आपल्या वेदनेविषयी फार बोलत नाहीत. त्या गोठ्याकडे पाहतात. गाईने वैरण सोडली, वासराने आईचे दूध सोडले. दोघांनी पाण्यालाही तोंड लावले नाही. त्यांना सोडवून गोठ्याजवळ नेले तर वासरू येऊन चिकटले. घरातली माणसे गप्प होती. जे घडले ते चूक आहे असे त्या घरात दोन मुक्या जनावरांनी सांगितले, तेवढेच त्यांना सांगता येत होते. मराठीतल्या भक्तिकवितेत निष्पाप जनावराची ही जागा आम्हाला सगळ्यांत खरी वाटते. देवाच्या मायेचा दृष्टांत म्हणून गाय-वासरू कितीही गोड असो, इथले गाय-वासरू एका बाईच्या मारहाणीला साक्षीदार आहे.

बहिरंभट आले, विचारपूस करू लागले. नवऱ्याचे म्हणणेही बहिणाबाईंनी लपवले नाही, आणि ते वाचण्यासारखे आहे. आपण वेदपाठी ब्राह्मण, आपल्याला हरिकथा कशाला? लोक हिच्या दर्शनाला येऊ लागले तर हिच्यापुढे आपल्याला कोण विचारणार? दुसऱ्या वाक्यात तो माणूस सापडतो. जयरामस्वामींनीही त्याची समजूत काढली, ही सामान्य बाई नाही, हिला छळू नकोस म्हणून सांगितले. तो ऐकत होता, पण आतून निवत नव्हता.

वासरू मात्र सावरले नाही. आम्ही पुस्तकी शिकलो ते असे की दुधावरचे वासरू पाण्यावाचून आणि दुधावाचून फार काळ तग धरत नाही. त्याच्या अंगातले पाणी हा हा म्हणता उतरते. ते जमिनीला टेकले. लोक गोळा झाले. बहिरंभटांनी त्याच्याजवळ बसून गीतेच्या पाठाआधी म्हणतात तो श्लोक सुरू केला, मुक्याला वाचा आणि पांगळ्याला डोंगर चढण्याचे बळ देणाऱ्या माधवाला वंदन करणारा. त्यांनी पहिला अर्धा म्हटला आणि उरलेला अर्धा वासराने म्हटला, असे बहिणाबाई सांगतात. मग त्याने बहिणाबाईंच्या मांडीवर मान टाकली आणि प्राण सोडला.

वासरू बोलले की नाही यावर कोणी आमच्याशी वाद घालू नये. पैठणचा रेडा बोलला तेव्हा समोर धर्मसभा होती, शास्त्री होते आणि काहीतरी जिंकायचे होते. इथे समोर कोणीही हरणारे नव्हते. एका मुलीला संस्कृताचा अधिकार नव्हता, म्हणून तिच्यासारख्याच एका मुक्या जिवाने जाता जाता तो श्लोक पुरा केला. तिने हे तसे ऐकले, तसेच आयुष्यभर लक्षात ठेवले आणि म्हातारपणी पोटच्या पोराला सांगितले. आम्हाला एवढे पुरे आहे.

गावकऱ्यांनी वासराला टाळ-मृदंगाच्या गजरात, भजन करत नेले आणि मूठमाती दिली. बहिणाबाई बेशुद्ध पडल्या. तीन-चार दिवस शुद्ध नव्हती. त्या अवस्थेत एका ब्राह्मणाने येऊन सावध हो म्हणून सांगितल्याचे त्यांना दिसले. डोळे उघडले तेव्हा मनात एकच ध्यास उरला होता, तुकोबांची भेट. तुकोबा देहूला, त्या कोल्हापूरला. नवरा जाऊ देणार नाही हे ठरलेले. सात दिवस तुकोबांच्या अभंगांचा धोसरा लागला आणि सातव्या दिवशी स्वप्नात तुकोबा आले, डोक्यावर हात ठेवला, मंत्र दिला. म्हणजे ज्या स्पर्शावरून मार बसला होता तोच स्पर्श पुन्हा आला, पण आता तो नवऱ्याच्या हातच्या मारापलीकडचा होता. वासरू गेले नसते तर हा ध्यास इतका पेटला असता का, हा प्रश्न त्या चरित्रात कुठे लिहिलेला नाही. आम्हाला तो पडला. त्यांनी स्वतः मात्र वासराचे मरण आणि गुरूची भेट या दोन गोष्टी एकमेकींना इतक्या लगटून सांगितल्या आहेत की मध्ये बोट शिरू नये.

आता नवऱ्याची सहनशक्ती संपली. ब्राह्मणाची बायको आणि शूद्र वाण्याला गुरू करते, तेही स्वप्नात! त्याने घर सोडून तीर्थाला निघून जायचे ठरवले. बायको गरोदर होती. तिला आईबापांच्या हवाली करून तो मोकळा होणार होता. बहिणाबाईंची या वेळची मनःस्थिती वाचताना आम्ही चकित झालो. त्या नवऱ्याला शिव्याशाप देत नाहीत. नवरा हाच देव असे शास्त्र सांगते, ते त्यांनी मनापासून मानलेले आहे. आणि विठ्ठल-तुकोबाही सोडवत नाहीत. दोन्ही कसे सांभाळायचे? बाईच्या जन्माला येऊन वेद कानावर पडत नाही, परमार्थ कसा साधावा, ही तक्रार त्या थेट देवाकडेच करतात.

ठरल्या दिवशी पंत निघणार तोच तापाने पडले. औषध लागू पडेना. बहिणाबाई रात्रंदिवस उशाशी. दुखण्यात त्यांना वाटू लागले की आपण तुकोबांची निंदा केली, निरपराध बायकोला छळले, त्याचे हे फळ. एका म्हाताऱ्या ब्राह्मणाने येऊन कान उघडणी केल्याचे त्यांनाही जाणवले. ताप उतरला आणि माणूस बदलला. बरे झाल्यावर स्वतःच म्हणाले, देहूला जाऊ. सगळे बिऱ्हाड उचलून निघाले. वासरू गेलेली ती कपिलाही बरोबर होती.

वासरू मेलेली गाय घेऊन कोल्हापूर ते देहू चालत जाणे म्हणजे काय हे ज्याने जनावर सांभाळले आहे त्यालाच कळेल. वासरू गेले की गाय पान्हा चोरते. मग गवळी त्याच वासराच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे उभे करतात आणि ती ते चाटत दूध सोडते. आम्हाला हे कधीच पाहवत नाही. या मंडळींनी वासराला मूठमाती दिली होती. म्हणजे गाय दुधाची उरली नव्हती. अशा भाकड होऊ घातलेल्या गाईला गरीब बिऱ्हाडकरूने वाटेत विकली असती तर कोणी नाव ठेवले नसते. ती विकली नाही.

देहूला तुकोबांचे प्रत्यक्ष दर्शन झाले. स्वप्नात दिसले तेच रूप. पण राहायचे कुठे? जवळच मंबाजी गोसाव्याचा मठ होता. हा तुकोबांचा हाडवैरी; त्याने त्यांना काटेरी फांदीने मारल्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. बहिणाबाईंनी आपली शिष्या व्हावे असे त्याच्या मनात आले. आपण तुकोबांचा अनुग्रह आधीच घेतला आहे असे त्यांनी सांगितल्यावर तो खवळला. शूद्राला नमस्कार करणाऱ्या ब्राह्मणांना जातीत ठेवू नये म्हणून पुण्याच्या आप्पाजी गोसाव्यांकडे त्याने तक्रारही धाडली. या कुटुंबाने देवळाच्या ओवरीत मुक्काम केला होता. माणसांना हात लावणे अवघड होते, म्हणून त्याचा राग गाईवर निघाला. त्याने कपिलेला आपल्या घरात ओढून नेले, बांधून ठेवले आणि निर्दयपणे झोडपले.

इकडे सगळे गाय शोधत फिरत होते. तिकडे गाईने स्वप्नात येऊन तुकोबांपाशी गाऱ्हाणे केले, आणि ते जागे झाले तेव्हा त्यांची पाठ सुजलेली होती, वळ उठले होते. लोकांना कळेना, महाराजांना कोणी मारले? तेवढ्यात मंबाजीच्या घराला आग लागली. विझवायला धावलेल्या लोकांना आत बांधलेली गाय सापडली. तिच्या पाठीवर आणि तुकोबांच्या पाठीवर सारखेच वळ होते. रामेश्वरभट्ट पाहायला आले. हेच रामेश्वरभट्ट ज्यांच्यामुळे तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या होत्या. आता ते शिष्य होऊन गुरूच्या पाठीकडे पाहत डोळे पुसत होते.

असे वळ पैठणलाही उठले होते, ज्ञानदेवांच्या पाठीवर, रेड्याला आसूड मारला तेव्हा. कीर्तनकार दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात. पण गोष्ट ज्या बाजूने सांगितली जाते ती बाजू बदलली आहे. पैठणची गोष्ट सांगणारा श्रोत्यांना संताच्या मोठेपणाकडे नेतो. देहूची गोष्ट सांगणारी बाई स्वतः एकदा बांधून मार खाल्लेली आहे. तिला कोल्हापुरात मारले तेव्हा गाय आणि वासरू उपाशी राहिली, कारण त्यांच्या हाती तेवढेच होते. आता गाईला मारले तेव्हा ते वळ घ्यायला एक माणूस होता, आणि तो तिचा गुरू होता. तिने त्याच्यापायी नवऱ्याचा मार पत्करला तो उगीच नाही, हे तिला त्या पाठीवर दिसले असेल.

देहूतच मुलगी झाली, काशी. पुढे मुलगा झाला, विठोबा. तुकोबांचे प्रयाण १६५० सालचे. तेव्हा बहिणाबाईंनी बाविशीही गाठली नव्हती. ते गेल्यानंतर त्या देहूला अन्नपाणी सोडून बसल्या आणि तुकोबांनी पुन्हा दर्शन दिले, असे परंपरा सांगते. पुढे शिऊरला संसार झाला. समर्थ रामदासांचाही सहवास त्यांना लाभला, त्यांनी प्रसाद म्हणून दिलेली मारुतीची मूर्ती शिऊरला आहे. गंगाधरपंत आधी गेले.

या मधल्या वर्षांत घडामोडी थोड्या आणि अभंग पुष्कळ. चारशेंहून अधिक अभंग आज त्यांच्या नावावर आहेत. त्यांत पतिव्रतेचा धर्म आहे, पंढरीचे वर्णन आहे, तुकोबांची स्तुती आहे. आणि ब्राह्मण कोणाला म्हणावे, जन्माने की ज्ञानाने, याचा खल करणारी वज्रसूची नावाची जी संस्कृत रचना आहे ती त्यांनी मराठी अभंगांत आणली. ज्या बाईला वेदाला हात लावायची मुभा नव्हती तिने नेमका हाच ग्रंथ निवडावा! ही निवड मंबाजीच्या तक्रारीला दिलेले उत्तर आहे असे आम्ही समजतो. विद्वानांनी आम्हाला चूक ठरवले तरी हरकत नाही.

इ.स. १७००. वय बहात्तर. विठोबाची बायको वारली होती आणि तिचे दिवस करायला तो गोदाकाठी गेला होता. बहिणाबाईंनी पत्र धाडून त्याला बोलावून घेतले. आपला काळ जवळ आल्याचे त्यांना उमगले होते. तो आल्यावर त्यांनी त्याला आपले मागचे बारा जन्म सांगितले, हा तेरावा आणि शेवटचा. बहुतेक जन्मांत परमार्थ अर्ध्यावर राहिलेला. आणि तू माझा आजचा नाहीस, मागच्या जन्मांपासूनचा सोबती आहेस, असे त्याला सांगितले. बायकोचे दिवस उरकून आलेल्या मुलाला म्हातारी आई हे सांगते आहे, हे ध्यानात घ्यावे. आश्विन शुद्ध प्रतिपदेला, घटस्थापनेच्या दिवशी, त्या गेल्या.

शिऊर वैजापूर तालुक्यात आहे, संभाजीनगर जिल्ह्यात. तिथे त्यांची समाधी आहे. अभंगांच्या वह्या घराण्यात राहिल्या, विसाव्या शतकात छापल्या गेल्या आणि १९२९ साली जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने त्यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यामुळे मराठी न येणारे परदेशी अभ्यासकही आज त्या काळ्या वासराला ओळखतात. कोल्हापुरात त्याला नेमकी कुठे मूठमाती दिली ते दाखवणारा दगड आमच्या पाहण्यात नाही. अंबाबाईच्या दर्शनाला आता नवरात्रात आपल्यापैकी पुष्कळजण जातील. देवळामागच्या जुन्या पेठांतून फिरताना एखाद्या वाड्याच्या सोप्याशी गाय बांधलेली दिसली तर तिच्या वासराच्या पाठीवरून जरूर हात फिरवावा.